रोड बाइकला हलकी बॉटल केज: काय बघायचं, काय टाळायचं

नवी रोड बाइक घरी येते तेव्हा बहुतेक वेळा तिच्यासोबत बॉटल केज, म्हणजे पाण्याची बाटली अडकवायचा पिंजरा, येत नाही. फ्रेमच्या आतल्या बाजूला डाऊन ट्यूबवर (हँडलखालून पेडलकडे येणारी तिरकी नळी) दोन आणि सीट ट्यूबवर (सीटखालची उभी नळी) दोन असे छोटे बोल्ट नुसते लावून दिलेले असतात. तिथे काय बसवायचं हे आपलं आपण ठरवायचं. मग एकतर दुकानदार समोर ठेवेल ती केज घेतली जाते, नाहीतर ऑनलाइन यादी वजनाप्रमाणे लावून सगळ्यात वरची मागवली जाते. इंदूरच्या सकाळच्या राइडमध्ये नव्याने येणाऱ्या मंडळींचे यात पैसे वाया जाताना मी पुष्कळदा पाहिले आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की केज निवडताना आधी पकड, मग मापं आणि शेवटी वजन असा क्रम ठेवा. वजन बघूच नका असं मी मुळीच म्हणत नाही. हलकी बाइक चालवायचा आनंद मलाही ठाऊक आहे. पण हलकेपणाच्या मागे लागून पकड सोडली, तर गतिरोधकावर बाटली उडते आणि मागून येणाऱ्याच्या पुढच्या चाकाखाली जाते. चाकाला चाक लावून चाललेल्या गटात असं झालं की पडणारा माणूस बहुतेक वेळा दुसराच असतो.

१. आधी बाटली ठरवा

केज बाटलीसाठी असते, त्यामुळे सुरुवात बाटलीपासून करा. सायकलिंगच्या बाटल्यांचा व्यास जगभर जवळपास सारखाच, साधारण ७४ मि.मी. असतो आणि जवळजवळ सगळ्या केज याच मापावर बेतलेल्या असतात. बाटलीच्या अंगावर वरच्या बाजूला एक खाच असते. केजचा छोटा ओठ त्या खाचेत अडकतो आणि बाटलीला वर सरकू देत नाही. पकडीचं निम्मं काम या खाचेवर असतं.

टपरीवर मिळणाऱ्या मिनरल वॉटरच्या बाटलीला ना हा व्यास असतो ना ही खाच. अर्ध्या लिटरची बाटली केजमध्ये खुळखुळते, एक लिटरची आत शिरतच नाही किंवा केज ताणून ठेवते. खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे पाणी विकत घ्यावं लागलं, तर ते आपल्या बाटलीत ओतून घ्या. ती बाटली तशीच केजमध्ये कोंबून भेरू घाट उतरू नका. स्टीलच्या घरगुती बाटल्यांचंही तेच. त्या जड असतात, गुळगुळीत असतात आणि कार्बन केजच्या कडा खातात.

पाणी किती लागतं, याचाही हिशोब करा. बेताच्या हवेत तासाला ५०० ते ७५० मि.ली. पाणी सहज संपतं. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा त्याहून जास्त लागतं. उज्जैनला जाऊन यायचं तरी शंभर किलोमीटरच्या वर होतात. म्हणून रोड बाइकवर केज दोनच हव्यात. वजन वाचवायला एकच लावायची ही कल्पना युरोपातल्या थंड सकाळी चालत असेल, माळव्याच्या उन्हाळ्यात चालत नाही.

बाटली ५५० ची घ्यावी की ७५० ची? फ्रेममध्ये मावत असेल तर ७५० ची. ९५० ची बाटली मोहात पाडते, पण ती उंच असते. तिचा भार केजच्या वर झुकतो आणि हलकी केज त्या भारासाठी बनवलेलीच नसते. शर्यतीत उतरायचं मनात असेल तर यूसीआयचा (सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) नियम माहीत असू द्या: बाटलीची क्षमता ४०० ते ८०० मि.ली. असावी लागते.

२. फ्रेम मोजा

ही पायरी पाच मिनिटांची आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात.

फ्रेमवरच्या दोन बोल्टमधलं अंतर साधारण ६४ मि.मी. असतं आणि बोल्ट एम५ मापाचे असतात. हे इतकं सर्वत्र सारखं आहे की केज बोल्टवर बसेल का, ही चिंताच नको. प्रश्न असतो तो जागेचा. आपल्याकडे ४७, ४९, ५० अशा लहान फ्रेम वापरणारे पुष्कळ आहेत आणि लहान फ्रेमच्या त्रिकोणात दोन ७५० च्या बाटल्या एकमेकींना किंवा वरच्या नळीला भिडतात.

तपासायचं कसं? बाटली भरा, बोल्टच्या जागेवर हाताने धरा आणि वरच्या नळीपर्यंत किती जागा उरते ते पाहा. नेहमीच्या केजमधून बाटली वरच्या दिशेने सरकवून काढावी लागते. त्यासाठी पाच-सहा सें.मी. मोकळे नसतील तर बाजूने उघडणारी केज घ्या. यात बाटली तिरकी ओढून काढता येते. उजव्या हाताने पिणाऱ्याने उजवीकडे उघडणारी घ्यावी. काही मॉडेलमध्ये डावी-उजवी वेगवेगळी विकतात, काहींत बसवताना बाजू बदलता येते. मागवण्याआधी हे नीट वाचा, कारण नको त्या बाजूच्या केज येऊन पडल्याचं मी पाहिलं आहे.

सीट ट्यूबपाशी आणखी एक अडचण असते. पुढचा डिरेलर (पेडलपाशी चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) पट्ट्याने आवळलेला असेल तर तो पट्टा कधी कधी केजच्या खालच्या टोकाला लागतो. केजखाली एक-दोन वॉशर घातले की बहुधा काम होतं. त्यासाठी बोल्ट मात्र तेवढाच लांब घ्यावा लागतो.

डाऊन ट्यूबवर तीन छिद्रं असतील तर केज खाली लावायची की वर, हे तुमच्या हातात असतं. एकच बाटली नेत असाल तर खाली, दोन असतील तर जी जागा मोकळी राहील ती.

३. केज कशाची बनवलेली हवी

इथे जरा थांबू, कारण पकड, आयुष्य आणि किंमत हे सगळं इथेच ठरतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या सळईची साधी केज प्रत्येक दुकानात मिळते. स्वस्त असते आणि सैल झाली तर हाताने दाबून घट्ट करता येते. पण धातूला सारखं वाकवलं की तो थकतो, आणि एक दिवस जोडावर तडकतो. बाटलीवर काळे ओरखडेही पडतात. या जातीतल्या काही चांगल्या केज फारच हलक्या आहेत. सुपाकॅझ कंपनीची फ्लाय केज अ‍ॅल्युमिनियमची असूनही सुमारे १८ ग्रॅमची आहे. अ‍ॅल्युमिनियम म्हणजे जड आणि कार्बन म्हणजे हलकं, असं सरसकट धरून चालू नका.

काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनच्या केज हा नवख्यांसाठी माझा पहिला सल्ला. या साच्यातून काढलेल्या असतात, लवचीक असतात, बाटलीला चहूबाजूंनी धरतात आणि आवाज करत नाहीत. एलिट कंपनीची कस्टम रेस ही केज व्यावसायिक शर्यतींमध्ये वर्षानुवर्षं दिसत आली आहे. ती सुमारे ४० ग्रॅमची. हलक्यांत हलकी नसूनही शर्यतीतले लोक ती का लावतात, हे लक्षात घेण्यासारखं आहे. फरसबंद रस्त्यांवरसुद्धा ती बाटली सोडत नाही.

कार्बनच्या केज साधारण २० ते ३० ग्रॅमच्या असतात. एलिटचीच व्हिको कार्बन सुमारे २३ ग्रॅमची आहे. चांगल्या बनावटीची कार्बन केज बाटली उत्तम धरते. पण कार्बन वाकत नाही, तडकतो. बाइक पडली, कुणी बाटली आडवीतिडवी घुसवली किंवा गाडीच्या डिकीत तिच्यावर दुसरी सायकल टेकवली, की केजचा कान, म्हणजे बाटलीला धरणारा बाजूचा हात, मोडतो. आणि बाजारात कार्बनची नुसती जाळी छापलेलं प्लास्टिक भरपूर आहे. पन्नास ग्रॅमच्या आसपासची, संशय यावा इतकी स्वस्त ‘कार्बन’ केज समोर आली तर ती ठेवून द्या.

टायटॅनियमच्या नळीच्या केज महाग आणि देखण्या. किंग केजची टायटॅनियम केज सुमारे २८ ग्रॅमची आहे, तीच स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे ४८ ग्रॅमची. घाम, इलेक्ट्रोलाइटचं खारट पाणी, पावसातला काळ्या मातीचा चिखल, यांपैकी कशानेही या दोन्ही बिघडत नाहीत आणि सैल झाल्या तर दाबून घेता येतात. ज्याला एकदाच पैसे घालून विषय संपवायचा आहे त्याने स्टेनलेसचा विचार जरूर करावा. वजन थोडं जास्त, पण फार वर्षं टिकते.

४. पकड तपासा, दुकानातच

भरलेली बाटली सोबत घेऊन दुकानात जा. रिकामी चालणार नाही, कारण ती कुठेही टिकून राहते. शक्य असेल तर केज बाइकवर लावून घ्या, बाटली बसवा, पुढचं चाक वीतभर उचलून सोडा. असं चार-पाचदा करा. बाटली खाचेतून वर सरकली तर ती केज नको. मग केज हातात घेऊन बाटलीसकट उलटी धरा. नुसत्या वजनाने बाटली खाली येता कामा नये.

याच्या उलट टोकाला फार घट्ट केजही असते. बाटली काढायला खाली बघावं लागतं, जोर लावावा लागतो आणि त्या झटक्याने हँडल हलतं. ए. बी. रोडवर बाजूने ट्रक जात असताना हे कुणालाच परवडत नाही. बाटली एका हाताने, समोर नजर ठेवून निघाली पाहिजे आणि न बघता परत गेली पाहिजे. नवी केज पहिले काही दिवस थोडी घट्ट लागते, तेवढं चालेल.

दुकानात हे करून बघू देत नसतील तर दुसरा चांगला मार्ग आहे. रविवारी राइड संपवून मंडळी पोहे-जिलबीला थांबतात तेव्हा भिंतीला टेकलेल्या बाइकवर हरतऱ्हेच्या केज दिसतात. “दादा, जरा तुमच्या केजमध्ये माझी बाटली घालून बघू का?” असं विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. उलट कुठून घेतली, खड्ड्यात धरते का, किती दिवस टिकली, हे सगळं न विचारता सांगतात. ऑनलाइन अभिप्रायांपेक्षा मी या माहितीवर जास्त विश्वास ठेवतो, कारण तो माणूस तुमच्याच रस्त्यांवरून आलेला असतो.

५. आता वजन

पकड आणि माप यांत उतरलेल्या दोन-तीन केज हातात राहिल्या की मग वजनाची तुलना करा.

हिशोब असा. ४० ग्रॅमच्या दोन केज काढून २० ग्रॅमच्या दोन लावल्या तर ४० ग्रॅम वाचतात. बाइक आणि चालवणारा मिळून ८० किलो धरले तर हा दोन हजारावा हिस्सा झाला. इंदूरजवळ जानापावची टेकडी आहे. समजा, तिथल्यासारख्या एखाद्या चढाला तुम्हाला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात या ४० ग्रॅमनी वाचेल सुमारे एक सेकंद. सपाट सुपर कॉरिडॉरवर तेवढंही नाही. आणि पाण्याचा एक मोठा घोट या ४० ग्रॅमच्या आसपासच असतो.

तरीही हलकी केज घ्यावीशी वाटणं स्वाभाविक आहे. बाइकचं वजन अशा वीस-वीस ग्रॅमनीच कमी होतं. फक्त एका ग्रॅमला किती रुपये पडतात ते बघा. साध्या केजला काहीशे रुपये, कार्बनला काही हजार. दोघांतल्या किमतीचा फरक वाचलेल्या ग्रॅमनी भागा. तोच भागाकार टायर आणि ट्यूबसाठी करून पाहा. सुरुवातीच्या वर्षात पैसे कुठे घालावेत याचं उत्तर बहुतेक वेळा टायरकडे जाईल.

बाटलीच्या वजनाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. जाड प्लास्टिकची बाटली रिकामी असताना ८० ग्रॅमच्या आसपास भरते. एलिटची फ्लाय बाटली ५५० मि.ली. मापात सुमारे ५४ ग्रॅमची आहे. म्हणजे महाग केज घेऊन जेवढे ग्रॅम वाचतात त्याहून जास्त नुसती बाटली बदलून वाचतात, आणि कितीतरी कमी पैशांत. हलकेपणाची सुरुवात इथून करा.

कंपनीने छापलेलं वजन सहसा बोल्टशिवाय असतं. घरी स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर पुरे. नसेल तर आपल्याकडे सराफा आहेच, ओळखीचे सराफ असतील तर आनंदाने तोलून देतात. केज, दोन बोल्ट, वॉशर असं सगळं एकत्र तोला. बाइकवर जे लागणार आहे तेच खरं वजन.

बोल्टबद्दल थोडं. स्टीलच्या एम५ बोल्टऐवजी टायटॅनियमचा लावला तर एका बोल्टमागे एक-दीड ग्रॅम वाचतो. हौस असेल तर करा, नुकसान नाही. अ‍ॅल्युमिनियमचे रंगीत बोल्ट मात्र टाळा. त्यांची डोकी मऊ असतात. चावी एकदा घसरली की बोल्ट फ्रेममध्येच अडकून बसतो.

६. बसवताना

हाताशी हे असू द्या:

- ४ मि.मी.ची अ‍ॅलन की (गोल चपट्या डोक्याच्या बोल्टला ३ मि.मी. लागते)
- टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना. कार्बन फ्रेम असेल तर हवाच, विकत नको असेल तर राइडमधल्या कुणाचा तरी मागून आणा
- थोडं ग्रीस
- १२ ते १६ मि.मी. लांबीचे दोन-चार जादा एम५ बोल्ट आणि वॉशर, सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात मिळतात
- फ्रेमची पुस्तिका, आणि केजचं बिल

फ्रेमवरचे जुने बोल्ट काढा, छिद्रातली माती पुसा, बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा. फ्रेमच्या आतली नटाची पेटी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिच्यात स्टीलचा किंवा टायटॅनियमचा बोल्ट कोरडा राहिला तर घाम-पाण्याने दोन्ही धातू एकमेकांत धरून बसतात. कुणी ग्रीसऐवजी निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावतात, तेही चालतं. दोन्ही एकत्र लावू नका. आणि लाल रंगाचं तर कधीच नको, ते पक्क्या जोडासाठी असतं.

दोन्ही बोल्ट आधी बोटांनी फिरवा. चार-पाच फेरे बोटांनी गेलेच पाहिजेत. नाही गेले तर बोल्ट तिरका लागतो आहे, काढून पुन्हा लावा. मग दोन्ही आळीपाळीने घट्ट करा. कार्बन फ्रेमला साधारण २ ते ३ न्यूटन-मीटर पुरे, पण फ्रेमच्या पुस्तिकेत लिहिलेला आकडा अंतिम समजा. जोर लावून आवळलं तर ती पेटी फ्रेममध्ये गरगर फिरायला लागते. मग ना बोल्ट घट्ट होतो ना बाहेर येतो आणि दुरुस्तीचा खर्च केजच्या कितीतरी पट होतो. मेकॅनिकने केज लावून दिली तरी “भैया, हल्के हाथ से” हे आधीच सांगा.

कार्बन केजला शंकूच्या आकाराच्या डोक्याचा बोल्ट लावू नका. तो पाचरीसारखा आत घुसतो आणि छिद्राच्या कडेपासून तडा जातो. सपाट बुडाचं डोकं आणि त्याखाली पातळ वॉशर हवा.

बोल्टची लांबी हा सगळ्यात दुर्लक्षित सापळा आहे. केजखाली पंपाची पट्टी लावायची असेल तर लांब बोल्ट लागतो, हे खरं. पण सीट ट्यूबमध्ये आतून सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, खाली आलेला असतो. बोल्ट जास्त लांब असेल तर त्याचं टोक सीटपोस्टवर घासतं, कार्बनचा असेल तर त्यावर चर पाडतं. डाऊन ट्यूबच्या आतून गिअर-ब्रेकच्या केबल जातात, त्यांनाही तेच. केज घट्ट बसल्यावर बोल्टचे पाच-सहा फेरे आटीत गेलेले असावेत. त्याहून लांब शेपटी आत लोंबकळत राहता कामा नये. बसवून झाल्यावर सीट वर-खाली करून बघा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, पेडल उलटं फिरवून पाय बाटलीला लागत नाही ना तेही बघा.

७. ऑनलाइन घेताना

हात लावून न बघता घ्यायचीच वेळ आली तर जोडी एकाच वेळी, एकाच विक्रेत्याकडून घ्या. रंग आणि बनावट पुढच्या खेपेला बदललेली असते. विक्रेत्याचं नाव कंपनीच्या अधिकृत यादीत आहे का ते पाहा, परत करण्याची मुदत वाचा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा आणि कार्बन केज असेल तर उजेडात धरून दोन्ही छिद्रांभोवती आणि कानांच्या मुळाशी केसासारखी रेघ आहे का ते नीट बघा. एकदा बाइकवर लावली की तडा आधीचा की नंतरचा हे सिद्ध करणं अवघड जातं.

८. लावल्यानंतर

पहिली राइड एकट्यानेच करा, गटात नको. घराजवळचाच, पण गतिरोधक भरपूर असलेला रस्ता निवडा आणि भरलेल्या दोन बाटल्या घेऊन एक फेरी मारा. घरी आल्यावर बोल्ट पुन्हा तपासा. पहिल्या फेरीनंतर ते थोडे सैल होतात, मग बसतात. त्यानंतर महिन्यातून एकदा चावी फिरवून बघितलं तरी पुरे. पावसाळ्यात केज काढून छिद्रं पुसा आणि ग्रीस बदला. काळी माती वाळली की बोल्टच्या डोक्यात अशी बसते की चावी आत जात नाही. सुईने कोरून काढावी लागते. याच दिवसांत डाऊन ट्यूबवरच्या बाटलीच्या तोंडावर पुढच्या चाकाचा चिखल आणि रस्त्यावरचं शेण उडतं, म्हणून तोंडाला टोपण असलेली बाटली वापरा. हलक्या बाटल्यांपैकी काहींना टोपण नसतं. त्या चार महिने घरी ठेवा.

चालवताना टिकटिक असा आवाज यायला लागला तर बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांमधला बेअरिंगचा भाग) उघडण्याआधी केजचे बोल्ट तपासा. पुष्कळदा आवाज तिथूनच येतो. अ‍ॅल्युमिनियमची केज सैल झाली तर दाबा, पण वर्षात दोन-तीनदा दाबावी लागत असेल तर ती बदला. कार्बनच्या केजला तडा दिसला तर चिकटवू नका, तीही बदला.

सीटखालच्या पिशवीत एक जादा एम५ बोल्ट आणि दोन प्लास्टिकच्या झिप टाय ठेवा. वाटेत बोल्ट पडला आणि जादा बोल्टही नसेल, तर बाटली जर्सीच्या मागच्या खिशात घाला आणि लोंबणारी केज झिप टायने नळीला बांधून टाका.